परत फिरण्याची विद्या

श्रावणातील तिसऱ्या सोमवारच्या आदल्या रात्री नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणारा रस्ता माणसांनी भरून जातो. कुशावर्तात स्नान करून ब्रह्मगिरीची फेरी घालावयाची, ही या भागातील जुनी रीत आहे. लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरांची, मोठी जवळजवळ त्याच्या दुप्पट. वर पाऊस, खाली चिखल आणि भोवती काळोख. तरी आजीबाईंपासून महाविद्यालयातील मुलामुलींपर्यंत सारे चालत असतात. या फेरीत कोणी प्रशिक्षित मार्गदर्शक पुढे चालत नाही आणि त्याची फारशी उणीवही भासत नाही. वाट पिढ्यान्‌पिढ्या मळलेली आहे. वाटेवरच्या गावांना यात्रेकरूंची सवय आहे. दमलेल्याने कोठे टेकावे, कोठे पाणी प्यावे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवलेले असते. वाटाड्याचे काम येथे परंपराच करते.

परंतु हीच मुले पुढच्या रविवारी हरिहर किल्ल्यावर जातात, तेव्हा ही परंपरा त्यांच्यासोबत नसते. हरिहरच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. हात रोवण्यासाठी त्यांना खोबणी आहेत खऱ्या. पण चढणारा आणि उतरणारा यांनी एकमेकांना सुखाने ओलांडावे, इतकी रुंदी तेथे नाही. पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी या पायऱ्यांवर रांगा लागतात. वरच्याला खाली यावयाचे असते, खालच्याला वर जावयाचे असते आणि तेवढ्यात पावसाची जोराची सर येते. ‘आता पुढे जावयाचे नाही, येथूनच परत फिरावयाचे’, असे सांगण्याचा ज्याला अधिकार आहे, आणि ते केव्हा सांगावे याचे ज्याला ज्ञान आहे, असा माणूस त्या घोळक्यात कोण असतो? बहुतेक वेळा कोणीच नसतो. ज्याने मोटार ठरवली किंवा ज्याने वर्गणी गोळा केली, तोच त्या दिवसापुरता पुढारी ठरतो.

हा पुढारी घडवण्याचे काम महाविद्यालयाने करावे की नाही, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. नाशिकसारख्या शहरात तर तो टाळता येण्याजोगाही राहिलेला नाही.

हसण्यावारी नेलेला विषय

पाश्चात्त्य देशांतील अनेक महाविद्यालयांत फुरसतीच्या वेळेतील उपक्रमांचे नेतृत्व, निसर्गाच्या सान्निध्यातील शिक्षण आणि पर्यटन हे तीन विषय एकमेकांना जोडून शिकवले जातात. आपल्याकडे हे कानावर पडले की पहिली प्रतिक्रिया हसण्याची होते. सहली काढावयास पदवी कशाला हवी? डोंगर चढावयास परीक्षा कसली? कचेरीत नोकरी करून मुलाच्या शिक्षणासाठी दरमहा काही रक्कम बाजूला टाकणाऱ्या बापाने असा प्रश्न विचारला, तर त्यात त्याची चूक नाही. शिक्षणाकडे तो पोटापाण्याचे साधन म्हणून पाहतो, आणि हिंडणे-फिरणे ही त्याच्या दृष्टीने पोट भरल्यानंतरची गोष्ट असते.

तथापि, या विषयाचा उगम चैनीत झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ साली, वेल्समधील ॲबरडोव्ही येथे कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाने तरुण खलाशांसाठी जी शाळा काढली, तिच्यामागे एक कटू अनुभव होता. जहाज बुडाल्यानंतर छोट्या होड्यांत अडकलेल्या खलाशांमध्ये धट्टीकट्टी तरुण मुले आधी हातपाय गाळत आणि वयस्कर खलाशी तग धरून राहत, असे आढळले होते. तरुणांच्या अंगी बळ कमी नव्हते. संकटात स्वतःला व सोबत्यांना सावरण्याची सवय त्यांना नव्हती. ती सवय समुद्रावर आणि डोंगरावर लावावी, या विचारातून ती शाळा आणि पुढे जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली.

ही कल्पना केवळ परदेशी आहे, असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले, तेव्हा गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. मग शाळाच कुरणावर गेली. ‘कुरणशाळा’ हे तिचे नावच पुरेसे बोलके आहे. तेथे झाड, ओढा, दगड, पाखरे हीच शिकवण्याची साधने होती. आपल्या विद्यापीठांनी ‘बहिःशाल शिक्षण’ असा सुंदर शब्द घडवला आणि रूढ केला. पण त्याचा अर्थ प्रत्यक्षात गावोगावच्या व्याख्यानमालांपुरता राहिला. शाळेबाहेरचे शिक्षण पुन्हा एका सभागृहातच, खुर्च्या मांडून दिले गेले. शब्दाचा जो मूळ अर्थ, तो कोसबाडच्या कुरणावर अधिक खरा झाला होता.

बंदी आणि तालीम

या विषयाच्या अभावाची किंमत कोणी मोजली, हे आठवणे क्लेशदायक आहे, पण आवश्यकही आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी, वरच्या धरणातून सोडलेले पाणी अचानक आल्याने वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रकिनारी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. दोन्ही ठिकाणी मुले घरून परवानगी घेऊन, शिक्षकांसोबत, सहलीसाठी म्हणून गेलेली होती. धरणाखालच्या कोरड्या पात्रात का उतरू नये, ओहोटीच्या वेळी समुद्र माणसाला आत कसा ओढतो, या गोष्टी गूढ नाहीत. त्या शिकवता येतात आणि तासाभरात समजतात. मुलांसोबत जाणाऱ्याला मात्र त्या कोणी शिकवलेल्या नसतात.

अशा दुर्घटनांनंतर आपल्याकडे काय घडते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. परिपत्रके निघतात. हमीपत्रे, पालकांची संमतिपत्रे, वरिष्ठांची परवानगी यांची संख्या वाढते. समुद्रकिनारी जाऊ नये, डोंगरावर जाऊ नये, पाण्याजवळ जाऊ नये, अशा सूचना येतात. यातील काही गोष्टी आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु कागदाने जबाबदारी कोणाची हे ठरते. मूल सुरक्षित राहील की नाही, हे ठरत नाही. शिवाय, बंदीमुळे सहली थांबत नाहीत. शाळेची सहल रद्द झाली की तीच मुले चार मित्र जमवून, कोणालाही न सांगता, त्याच धबधब्याखाली जाऊन उभी राहतात.

याच प्रसंगातून ब्रिटन गेले, त्याची हकिकत बोधप्रद आहे. नोव्हेंबर १९७१ मध्ये स्कॉटलंडच्या केअर्नगॉर्म पठारावर एडिंबरोच्या एका शाळेची पाच मुले आणि त्यांच्यासोबतची अठरा वर्षांची एक शिकाऊ मार्गदर्शक हिमवादळात गोठून मरण पावली. निवाऱ्याची जागा हिमात सापडली नाही आणि तुकडीला उघड्यावर रात्री काढाव्या लागल्या. सहली कायमच्या बंद कराव्यात, असा सूर तेव्हा तेथेही उमटला. पण चौकशीनंतर भर पडला तो मुलांना डोंगरावर नेणाऱ्याच्या पात्रतेवर. गिरिनेतृत्वाचे प्रमाणपत्र तेथे १९६४ पासून होते. या घटनेनंतर त्याचे महत्त्व वाढले आणि कोणी कोणाला, कोणत्या ऋतूत, कोठवर न्यावे, यासंबंधीची बंधने कडक झाली. पुढे १९९३ मध्ये लाइम उपसागरात होडीवर गेलेली चार मुले मृत्यू पावली, तेव्हा अशा केंद्रांसाठी परवान्याची सक्ती करणारा कायदा १९९५ मध्ये झाला. म्हणजे शोकाचे रूपांतर तेथे तालमीत आणि कायद्यात झाले. आपण मात्र बरेचदा परिपत्रकावर थांबलो.

शिकवावयाचे काय?

अशा अभ्यासक्रमात शिकवण्यासारखे आहे तरी काय, अशी शंका राहतेच. दोर बांधणे, तंबू ठोकणे, प्रथमोपचार करणे, नकाशा वाचणे ही कौशल्ये तर आहेतच. पण ती या विद्येची केवळ मुळाक्षरे होत. खरा विषय आहे निर्णयाचा. तुकडीतील सर्वांत हळू चालणाऱ्याची चाल तीच साऱ्या तुकडीची चाल, हे तत्त्व सांगावयास सोपे आहे. पण पुढे पळू पाहणाऱ्या पंधरा तरुणांना त्या चालीने चालवणे सोपे नाही. निघताना किती जण होते, खिंडीत किती आले, टाक्यापाशी किती उरले, ही मोजणी न कंटाळता करीत राहणे हा शिस्तीचा भाग आहे. ‘दुपारी दोन वाजता आपण जेथे असू तेथून मागे वळावयाचे, मग शिखर शंभर पावलांवर का असेना’, हे सकाळी ठरवणे आणि दुपारी पाळणे, हा चारित्र्याचा भाग आहे.

शिखर गाठण्याचे कौतुक सगळेच करतात. परत फिरणाऱ्याचे कौतुक कोणी करीत नाही, कारण जे संकट टळले ते दिसत नसते. म्हणून परत फिरण्याची विद्या आपोआप येत नाही. ती शिकवावी लागते. ती पुस्तकावरूनही येत नाही. ज्याने जाणत्या माणसासोबत दहा-वीस वेळा डोंगर चढला, चुका केल्या, त्या चुकांवर संध्याकाळी बसून चर्चा केली, त्यालाच ती येते. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला रुग्णशय्येपाशी उभे राहिल्याशिवाय पदवी मिळत नाही; अध्यापन महाविद्यालयातही सराव पाठ घेतल्याशिवाय कोणी शिक्षक होत नाही. मुलांच्या जिवाची जोखीम घेणाऱ्या या कामाला मात्र सराव पाठाची गरज नाही, असे आपण कोणत्या आधारावर मानतो?

शिवाय, प्रत्येक भूमीचे धोके निराळे असतात. दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था १९५४ साली आणि उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ साली स्थापन झाली. या संस्थांनी महाराष्ट्रातील असंख्य तरुणांना उत्तम शिक्षण दिले आहे. पण तेथील मुख्य धडा बर्फाचा आणि विरळ हवेचा आहे. सह्याद्रीत माणूस दगावतो तो उन्हाच्या तलखीने, पाणी संपल्याने, घसाऱ्यावरून पाय निसटल्याने, शेवाळलेल्या कातळावरून पडल्याने, ओढ्याला अवचित आलेल्या लोंढ्याने, किंवा कोणीतरी धूर केल्यामुळे उठलेल्या आग्या मोहोळाने. चैत्र-वैशाखात किल्ल्यावरची कोणती टाकी आटतात आणि कोणते टाके बारमाही असते, हे हिमालयातील गुरू सांगू शकणार नाही. ते सह्याद्रीतच शिकावे लागेल.

आज जे मिळते

आज जे शिक्षण उपलब्ध आहे, ते तीन वेगवेगळ्या ओसऱ्यांवर बसले आहे. पर्यटनाचे शिक्षण एका ओसरीवर. ग्वाल्हेरची पर्यटन व प्रवास व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था १९८३ सालची. तिच्यानंतर ठिकठिकाणी पर्यटनाचे अभ्यासक्रम निघाले. त्यांपैकी पुष्कळ अभ्यासक्रमांचे लक्ष तिकिटे, आरक्षणे, हॉटेले आणि हिशेब यांवर असते. ते अनावश्यक नाही. पण त्यातून तयार होतो तो खिडकीमागचा माणूस, वाटेवरचा नव्हे. दुसऱ्या ओसरीवर शारीरिक शिक्षण. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या, १९१४ पासून चालत आलेल्या संस्थेची थोर परंपरा महाराष्ट्राला आहे. पण या शिक्षणाचे क्षेत्र मुख्यतः मैदान, म्हणजे चुन्याने आखलेली जागा. जेथे रेषा आखलेल्या नाहीत, तेथील नेतृत्व हा निराळा विषय आहे. तिसऱ्या ओसरीवर भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि इतिहास. या विषयांचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना अभ्याससहलीला नेतात; परंतु ज्ञान त्यांच्याजवळ असले, तरी तुकडी सांभाळण्याचे शिक्षण त्यांनाही कोणी दिलेले नसते.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून सुरू आहे, आणि तिच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरांमुळे खेड्यात मुक्काम करण्याचा अनुभव महाविद्यालयांना आहे. राष्ट्रीय छात्रसेना त्याहून जुनी, १९४८ सालची. पुण्यातील गिरिप्रेमी या संस्थेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या गिर्यारोहण शिक्षण संस्थेने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाबरोबर गिर्यारोहणाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला, हे योग्य दिशेने पडलेले पाऊल आहे. म्हणजे विटा आहेत, चुना आहे, गवंडीही आहेत. घर मात्र अजून कोणी नीट बांधावयास घेतलेले नाही. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले आणि क्षेत्रकार्याला, प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला पदवीच्या गुणांकनात स्थान मिळाले. वर्गाबाहेरच्या कामाला गुण कोठून द्यावयाचे, ही जुनी सबब त्यामुळे उरलेली नाही.

नाशिकचे मोकळे वर्ग

असा अभ्यासक्रम कोठे सुरू व्हावा, याचे उत्तर नकाशाच देतो. नाशिक शहरापासून तास-दोन तासांच्या अंतरावर जेवढे निरनिराळे वर्ग मोकळ्या आभाळाखाली भरलेले आहेत, तेवढे राज्यात क्वचितच एके ठिकाणी सापडतील.

शहराला लागूनच पांडवलेणी आहेत. २४ लेण्यांच्या या समूहात तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख आणि दहाव्या लेण्यातील नहपान क्षत्रपाच्या काळचे लेख, म्हणजे सातवाहन आणि क्षत्रप यांच्या संघर्षाचा दगडावर कोरलेला पुरावा. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी आहे. पायथ्याशी १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था, कड्यांवर गिधाडांची घरटी आणि पठारावर कंदीलपुष्पाची, याच डोंगराच्या नावाने ओळखली जाणारी दुर्मिळ जात. ज्या पठारावर असे फूल जमिनीलगत उगवते, तेथे शंभर माणसांनी कोणत्या वाटेने चालावे, हा पर्यटनाचा आणि वनस्पतिशास्त्राचा एकत्रित धडा आहे. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूर मधमेश्वर १९८६ साली अभयारण्य झाले आणि २०२० साली रामसर यादीत समाविष्ट झालेले महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र ठरले. पक्षी पाहावयास आलेल्यांना शांत कसे ठेवावे, हे तेथे शिकावे.

उत्तरेला बागलाणात साल्हेर आहे. १५६७ मीटर उंचीचा हा किल्ला महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला होय. १६७२ साली त्याच्या परिसरात मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा वारसा म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत नाशिक जिल्ह्यातील हा एक आहे. या मानामागोमाग प्रवासी येणार. त्यांना इतिहास कोण सांगणार, पाण्याच्या टाक्यांत कचरा पडणार नाही हे कोण पाहणार, पाय मुरगळलेल्याला खाली कसे आणणार, याची तयारी मानपत्राबरोबर येत नाही. याखेरीज गंगापूर धरणाचे पाणी आहे, द्राक्षबागा आहेत, इगतपुरीच्या धुक्यातील घाट आहेत.

पाहुण्यांची व्यवस्था ही विद्याही नाशिकला नवी नाही. येथील तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना उतरवून घेत, विधी करवीत, वाट दाखवीत आले आणि आलेल्या प्रत्येक घराण्याची नोंद आपल्या वह्यांत करीत आले. आजोबांनी कोणत्या साली गोदेवर स्नान केले, हे नातवाला त्या वहीत वाचावयास मिळते. पाहुणा हा एका दिवसाचे गिऱ्हाईक नसून पिढ्यांचे नाते आहे, ही जाण पर्यटनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाने हेवा करावा अशी आहे. शिक्षणसंस्थांची उणीवही येथे नाही. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ पासून, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ पासून, तर डॉ. मुंजे यांची भोसला सैनिकी शाळा १९३७ पासून काम करीत आहे. आणि १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या परिसरातच आहे.

बाकावर कोण बसणार?

या शेवटच्या संस्थेचा उल्लेख हेतुपूर्वक करावयास हवा. कारण या अभ्यासक्रमासमोरचा खरा प्रश्न वर्ग कोठे भरावेत हा नसून त्यांत कोणाला बसवावे, हा आहे. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतील महादेव कोळी, कोकणा, ठाकर, वारली समाजांतील तरुण हे डोंगर लहानपणापासून ओळखतात. ढग कोणत्या बाजूने आले म्हणजे ओढा फुगेल, कोणत्या नाळेत दगड सुटतात, कोणते फळ खाऊ नये, हे त्यांना विचारावे लागत नाही. शहरातील तुकडी वाट चुकली की शोधावयास तेच जातात. पण प्रमाणपत्र त्यांच्याजवळ नसते. ते शहरातील आयोजकाजवळ असते. परिणामी आयोजक पैसे घेतो आणि वाट माहीत असलेला माणूस त्याच्या पाठपिशव्या वाहतो.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी आणि प्रशिक्षित माणसे ठेवावीत, अशी अपेक्षा आहे. हे धोरण स्वागतार्ह आहे. परंतु प्रशिक्षणाची दारे शहरातील पदवीधरांपुरतीच उघडी राहिली, तर याच धोरणामुळे डोंगरातला वाटाड्या आपल्याच डोंगरात बेकायदा ठरेल. म्हणून अभ्यासक्रमाला दोन दारे असावीत. एक दार महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी, पदवीच्या अंगाने. दुसरे दार पाड्यावरच्या तरुणासाठी; त्याच्या अंगी आधीच असलेल्या ज्ञानाची प्रत्यक्ष परीक्षा घेऊन त्याला श्रेय देणारे, आणि प्रथमोपचार, नोंदी, हिशेब व संभाषण एवढेच नव्याने शिकवणारे. औपचारिक शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्यांना पूर्वतयारी करून घेऊन पुढे नेण्याचा अनुभव मुक्त विद्यापीठाला आहे. शहरातील मुलाने या तरुणाकडून डोंगर शिकावा आणि त्याने शहरातील मुलाकडून नोंदवही ठेवावयास शिकावे. दोघांचे वर्ग वेगळे करण्याचे कारण नाही.

नोकऱ्या मिळतील काय, हा बापाचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो, आणि त्याला खोटे उत्तर देऊ नये. या विद्येवर प्रत्येकाला बारमाही नोकरी मिळेल, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. डोंगरातील हंगाम पावसाळा व हिवाळा असा विभागलेला असतो. उन्हाळा बहुधा कोरडा जातो. म्हणून हा विषय सुरुवातीला स्वतंत्र पदवी म्हणून न काढता, भूगोल, इतिहास, शारीरिक शिक्षण किंवा अध्यापन यांच्या जोडीचा विषय म्हणून काढणे शहाणपणाचे होईल. ज्याला मार्गदर्शक व्हावयाचे आहे तो होईल. जो शिक्षक होईल, तो आपल्या शाळेची सहल जाणतेपणाने नेईल. जो कारकून होईल, तो रविवारी मुलाला घेऊन अंजनेरीला जाईल आणि ढग दाटून आले की परत फिरेल. फुरसतीचा वेळ कसा घालवावा, हे ज्याला कळते त्याचे उरलेले आयुष्यही वाया जात नाही.

नाशिकला या विषयाची निकड आणखी एका कारणाने आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी, सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवशी, रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसे मृत्युमुखी पडली. २०१५ च्या सिंहस्थाच्या तयारीत येथील तरुण विद्यार्थ्यांनी गर्दी मोजणारी चटई बनवून पाहिली, ही गोष्ट आशादायक होती. गर्दी ही मोजण्याची, समजून घेण्याची आणि वळवण्याची गोष्ट आहे, हे त्या मुलांनी ओळखले. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट यांच्या योजना आखल्या गेल्या. पण घाटावर उभा राहून ‘पुढे जागा नाही, येथेच थांबा’ असे सौम्यपणे आणि ठामपणे सांगणारा स्वयंसेवक कंत्राट देऊन बांधता येत नाही. तो वर्षानुवर्षे घडवावा लागतो. फेरीतली वाट, किल्ल्यावरची पायरी आणि पर्वणीचा घाट या तिन्ही ठिकाणी हवा असलेला माणूस एकच आहे.

हिवाळा आला की शाळा-महाविद्यालयांच्या सहलींचे दिवस पुन्हा येतात. पहाटे एस. टी. गाडी शाळेच्या फाटकाशी उभी राहते. डबे, पाण्याच्या बाटल्या, गोंधळ, खिडकीतून हात हलवणारी मुले आणि रस्त्यावर उभे असलेले आईबाप, हे दृश्य प्रत्येक गावाच्या ओळखीचे आहे. गाडी सुटण्यापूर्वी एक शिक्षक हातातील यादीवरून मुले मोजतो. त्याने सर्व कागदांवर सह्या केलेल्या असतात आणि सर्व जबाबदारी स्वीकारलेली असते. त्या दिवशी संध्याकाळी आभाळ भरून आले, पाणी चढू लागले आणि चाळीस मुले ‘सर, अजून थोडे पुढे जाऊ या’ म्हणून हट्ट धरू लागली, तर काय करावयाचे, एवढे मात्र त्याला आजवर कोणी शिकवलेले नाही. ते त्याला शिकवण्याची सोय नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयाने केली, तर त्याची सही केवळ कागदावरची राहणार नाही.